सुई थरथरते

भामरे अंबडहून फोन करतात, शिफ्ट सुटायच्या जरा आधी:
"मॅडम, पंप नीट आहे, प्रेशर नीट आहे,
तुमच्या स्क्रीनवरची सुई तेवढी थरथरते.
साहेबांना वाटतं पंपच थरथरतोय.
सकाळपासून तीन परत पाठवले."

तीन पंप.
माझ्या एका सुईपायी.

सातपूरच्या घरी, कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये
कोड उघडून बसते.
टायमर दर पंधरा मिलिसेकंदांनी सुईला ढोसतो: चल.
ती चालते.
खिडकीची मात्र तऱ्हा वेगळी,
आधी माउसचं ऐकणार, मग कीबोर्डचं,
हातातलं सगळं उरकलं की मग सावकाश वळणार
"काय, रंगवायचं राहिलंय का काही?"
तोवर सुई दोन घरं पुढे.
कधी वरचं टोक नवं, बुंधा जुना,
मधेच मोडलेली, उदबत्तीच्या काडीसारखी.
आणि पुसणं नि काढणं यांच्यामधला
तो एक पांढरा क्षण,
तोच खुपतो भामऱ्यांच्या डोळ्यांना.

अण्णा भद्रकालीत पाट्या रंगवायचे.
बन्सी पेंटर. पुढे गोणपाट टांगून मागे काम.
अर्धी पाटी कुणाला दिसू द्यायची नाही, हा नियम.
सुरुवात नेहमी मधल्या अक्षरापासून,
म्हणजे नाव डावं-उजवं कलत नाही.
एकदा वाऱ्याने गोणपाट उडालं
आणि अमृततुल्य चहाच्या दुकानावर
तेव्हा फक्त दोनच अक्षरं झाली होती:
मृत.
मालकाने आठवडाभर चहा विचारला नाही.

मग मीही गोणपाट टांगलं.
मागे, न दिसणाऱ्या पाटीवर
तबकडी, आकडे, लाल पट्टा, सुई,
सगळं पुरं झालं की एका झटक्यात पुढे.
लुकलुकणं गेलं.
हिसका राहिला.

टायमरचे पंधरा,
पडद्याचे सोळाच्या पुढे, सतराच्या अलीकडे.
दोघं एकाच घरात राहतात
आणि वेगवेगळ्या वेळी जेवतात.
दर थोड्या वेळाने सुईचं एक पाऊल
कुणीच न बघता पडून जातं.

रविवारी अण्णा खाली पार्किंगचे नंबर घालत होते,
सोसायटीवाल्यांनी फार गळ घातली म्हणून.
हात आता कापतो त्यांचा.
ब्रश भिंतीपासून बोटभर लांब धरून
नुसते उभे.
कंप आला, गेला.
पुन्हा आला.
तो ओसरला तेवढ्यात सर्रकन
चाराची उभी रेघ, वरून खालपर्यंत, सरळ.
मग ब्रश पुन्हा हवेत.
मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले,
"हात थांबत नाही गं. मग मीच थांबतो."

रात्री टायमर काढून टाकला.
पडदा शेवटची ओळ रंगवून
पहिल्या ओळीकडे परत निघतो ना,
त्या रिकाम्या फटीत आता खिडकी जागी होते,
घड्याळ बघते, सुईला विचारते:
या क्षणी तू कुठे असायला हवीस?
तिथेच काढते.
पावलं मोजत नाही.
उशीर झाला तर मधली घरं सोडून देते,
चुकलेली पावलं भरून काढत बसत नाही.
हे शेवटचं मला अजून जमत नाही,
पण कोडला जमलं.

सोमवारी दुपारी भामरे:
"मॅडम, सुई अडकली का हो? हलतच नाही."
पंप बंद करून बघा, म्हटलं.
फोनमधून मोटरची घरघर उतरत गेली.
"हां… येतेय खाली… काय गुळगुळीत येतेय…
बसली शून्यावर."

मग थोडं थांबून,
"ते तीन पंप परत मागवले.
दोन चांगले निघाले.
एक मात्र
खरंच थरथरतो."