इतर हक्क

गव्यांनी पोफळी मोडल्या म्हणून
पंचनाम्याला गेले होते चरावण्यात,
जुलैच्या मध्यावर, सगुण माजिकच्या कुळागरात.
मोडलेली झाडं अकरा.
केळी मोजू दिल्या नाहीत त्याने,
म्हणाला, केळींचं काय एवढं.
बुटात जळू, छत्रीला भोक,
आणि पाटाच्या पलीकडे, ओहळाच्या काठावर
काहीतरी चर्र चर्र करत होतं,
ओल्या काड्यापेटीवर काडी ओढावी
आणि ती पेटू नये, तसं.

मी थांबले.
वीस वर्षं तलाठी आहे, जमिनी ओळखते:
ही बागायत, ही भरड, ही कोमुनिदादीची,
ही दोन भावांच्या भांडणातली.
पाखरं मात्र मला चारच,
कावळा, साळुंकी, भारद्वाज,
आणि चौथं म्हणजे उरलेलं सगळं.

हे उरलेल्यातलं.
चिमणीहून लहान,
पाठ भिजलेल्या पोफळीच्या सालीची,
गळा पांढरा, पोटही,
डोक्यावर काळी टोपी, पुढे ओढलेली,
पहाटेच्या वाळपई बसमध्ये
झोपलेल्या माणसाची असते तशी.
पण डोळा काळा नव्हता.
टोपीच्या काठाला
शिताचा कण चिकटून राहावा, तसला दुधाळ.

एक म्हणता पाच झाले.
कारवीतून वेतात, वेतातून पुन्हा कारवीत.
छातीच्या वर चढेनात,
उजेडाला तोंड दाखवेनात.
"कितें पळयतात, बाय?"
"हे पाखरू. नाव काय ह्याचं?"
सगुणने कान दिला, मान हलवली.
"रानातलें सुकणें."
म्हणजे त्याच्याकडेही
चौथा रकानाच होता.

भाच्याच्या पुस्तकात तीन रात्री गेल्या.
टोपी जुळायची तेव्हा गळा जुळायचा नाही,
गळा जुळला की डोळा लाल निघायचा.
शेवटी सापडलं: काळ्या डोक्याचा सातभाई.
(पाचच होते. दोघे तालुक्याला गेले असतील.)
वास्तव्य: ओढ्याकाठची दाट, ओलसर झुडपं.
घरटं: बांबूच्या सुक्या पानांचा सैल गोळा,
जमिनीपासून हात-दोन हातांवर,
पुराने आणून अडकवल्यासारखा.

नकाशाच्या दुरुस्तीला पुन्हा जायचं होतं,
तेव्हा पुस्तक नेलं, प्लास्टिकात गुंडाळून.
सगुणने पाखरू पाहिलं नाही.
खालचं घरट्याचं चित्र पाहिलं,
अंगठा त्याच्या बाजूला ठेवला,
चित्र ओलं होऊ नये एवढ्या अंतरावर.
"तो कोयर?"
मग बराच वेळ पाटाचं पाणी बोललं.
"चवथी आदीं हांव सगळो काडटां.
बापूय काडटालो."
कंबरेच्या आकडीतला कोयता
त्याने उगाच मागे सरकवला.

एक-चौदाच्या उताऱ्यावर
भोगवटादार असतो, कूळ असतं,
आणि इतर हक्कांचा एक रकाना असतो:
कुणाची पायवाट, कुणाचं पाणी,
कुणाच्या तरी विधवा आत्येचा एक फणस.
त्या संध्याकाळी कचेरीत
त्या रकान्यावर पेन टेकलं होतं माझं.
काही लिहिलं नाही. नोकरी आहे.
एक ठिपका उमटला तेवढा,
तो झेरॉक्समध्ये दिसत नाही.

चवथ झाल्यावर भरपाईच्या सहीला गेले.
अंगण सारवलेलं, पाट उपसलेला,
ओहळाची अलीकडची बाजू
भांग पाडल्यासारखी स्वच्छ.
पलीकडे वीसेक पावलं तशीच,
वेत, कारवी, सुकी पानं,
सगळा कोयर जागच्या जागी.

मी नुसतं तिकडे पाहिलं.
"कोयत्याक धार ना," सगुण म्हणाला,
आणि सही करायला खाली बसला.

कोयता दाराशी टेकलेला होता.
पातं चकाकत होतं.
पंचनाम्यात कोयता तपासायची
तरतूद नाही.