रायटर

कोपरखैरणे पोलीस ठाण्यात मी रायटर.
नाव मोठं आहे. लिहीत काहीच नाही मी,
लोक बोलतात ते उतरवून घेतो.

समोर रंगराव शेडगे, वय एकसष्ट, राहणार माथाडी वसाहत,
छत्तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण.
ग्रुपचा ॲडमिन.
कसा झालास?
‘पोरानं नवा फोन दिला तवा.’

मजकूर जसाच्या तसा घ्यायचा, ऱ्हस्वदीर्घ न सुधारता:
सुई सोडा साखर विसरा
रुइचं पान तळपायाला सात रात्री
हि माहीती डॉक्टर लपवतात दहा जणांना पाठवा.
खाली जोडलेले हात. किती? तीन.
तेही लिहिलं.

जप्त: मोबाईल एक, काच तडकलेली.
सुतळी, दीड हात, गोणीचं तोंड शिवायची.
पान, सुकून चुरा झालेलं, कागदाच्या पुडीत.

कायदा चोपन्न सालचा आहे, जादूच्या औषधांचा.
साहेबांनी कपाटातून काढला, फुंकर मारली.
मधुमेह आहे त्याच्या यादीत, मी बोट ठेवून पाहिलं.
तेव्हा असलं भिंतीवर रंगवत,
आणि भिंतीला मालक असे.
आता वरून नवी कलमंही आलीत, परिपत्रकासह.
कंपनीला पत्र गेलं: हा मजकूर पहिल्यांदा लिहिला कुणी?
उत्तर आलं, इंग्रजीत. आभार मानलेत.
तोवर साखळीतली हाताला लागलेली कडी
म्हणजे हा.

फिर्यादी: सरकार.
मयताशी नातं?
त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून मांडीवर घडी केला.
‘मालकीण माझी.’

मग न विचारता बोलला,
आणि हे कुठल्या रकान्यात घालायचं मला कळेना:
‘छत्तीस वर्सं दाभण चालवलं, हात कवा थरथरला न्हाई.
तिच्या पोटाला सुई लावताना थरथरायचा.
दोन टायमाला.
ती भिंतीकडं बघायची.
त्यात हे आलं, सुई सोडा म्हणून.
मला वाटलं, सुटली बाई.’

पाचव्या रात्री वाशीला नेली. वेळ दोन चाळीस.
वेळ लिहायला रकाना आहे.

नोटीस देऊन सोडला त्याला.
सही केली, पूर्ण नावानं, सावकाश.
उठताना म्हणाला,
‘ग्रुपात अजून दोनशे बारा माणसं हायती.
फोन तुमच्याकडं.
तुमी रायटर न्हवं का?
मग लिवा की कायतरी.’

तो गेल्यावर
एका बिघडलेल्या फॉर्मच्या पाठीवर लिहिलं:
सुई सोडू नका.
वाचून पाहिलं. खरं आहे,
पण एवढंसं कोण पुढं पाठवतं?
खाली हात काढून बघितले, तीन.
पेनानं नीट जमले नाहीत.
कुणीतरी काहीतरी मागत असल्यासारखे दिसतात.