पाऊण माप

आधी टेप.
पोराला भिंतीशी उभं करतो, डावा हात लांब सोड म्हणतो,
मानेपासून तळव्याच्या खळगीपर्यंत मोजतो.
"मामा, सदरा शिवू राहिले का मले?"
नाही रे बाबा. बावीस इंच भरला तर पाऊण, वीस भरला तर अर्धं.
व्हायोलिनचंही माप असतं.
फक्त त्याच्या आत दोन बोटं कापड दाबून ठेवता येत नाही,
पुढच्या वर्षी उसवून सोडायला.

सावद्याच्या बाजारगल्लीत दुकान,
रविवारी शटर अर्धं वर.
केळीचा ट्रक गेला की बरणीतली बटणं थरथरतात,
आणि खिळ्यांना टांगलेली सात व्हायोलिनं
कुणी न छेडता हुं म्हणतात.
नव्या पोरांना पहिल्या दिवशी एवढंच ऐकवतो.
गज धरायची घाई मग आपोआप होते त्यांना.

पण पहिला महिना गज नाही. तुरखाटी.
वाळलेली, हलकी, करंगळीनं तोलायची.
फिरक्यांच्या मोक्षदनं तिची तलवार केली,
काउंटरवर चढून लढला, मी लढू दिलं.
तलवारीची मूठ दमली की सैल पडते,
गज सैल मुठीतच बसतो.

वाण्यांची देवयानी गज ढकलायची.
तार किंचाळायची, ती डोळे मिटून घ्यायची.
विचारलं, आखाजीला झोका खेळतेस ना?
परत येताना जोर लावतेस का त्याला?
बराच विचार करून म्हणाली,
"तो येते ना त्याच्या मनानं."
त्या दिवशी दुसरं काही शिकवलं नाही.

पट्टीवर शिवणखडूच्या खुणा करून देतो.
मे महिन्यात, दुकानात छतच तापलेलं असतं तेव्हा,
घामानं त्या पुसून जातात.
मी परत काढत नाही.
अजून कुणी विचारलेलं नाही.

चुकलं, असंही म्हणत नाही.
त्यांचं वाजवणं चालू, माझी शिवण चालू,
सूर घसरला की मशीनचं चाक हातानं थांबवतो, बस.
पोरं एक कान तारेवर ठेवतात, एक चाकावर.
एका रविवारी चाक थांबलं
आणि देवयानीचा गज थांबला नाही.
ओळ पुरी केली तिनं, मग वर न बघता म्हणाली,
"मी बरोबर होते मामा. तुमचा दोरा तुटला."
पाहिलं. तुटलाच होता.
सुईत दोरा ओवायला मला त्या दिवशी फार वेळ लागला.

सुभानचे वडील आले, कासम तडवी.
सहा महिने झाले, म्हणाले, एक गाणं नाही,
पोरगं एकाच तारेवर रें रें करते.
मी काही बोलणार, तेवढ्यात सुभानच बोलला.
रात्रीच्या लायटीला तो वडिलांसोबत केळीत जातो.
बांधावरची डीपी रात्रभर हुं करते.
"तिचा अन् या जाड तारेचा एकच सूर आहे, मामा.
फक्त ती खोल आहे. अन् केसभर चढी."
लाइट गेली की?
"मंग मी वाजवतो. तिची जागा सांभाळतो."

कासमभाऊ पोराकडे पाहत राहिले.
त्या डीपीखाली पंधरा वर्षं उभे होते ते,
पाणी सोडत, विडी ओढत, फ्यूज बांधत.
मग खाकरून म्हणाले, याचा हात मोजा एकदा,
वाढला असंल.
साडेबावीस. पाऊणही आता आखूड पडेल लवकरच.
टेप गुंडाळत होतो,
तर त्यांनी आपलाही डावा हात लांब केला, उगाच,
भिंतीकडे बघत.

चोवीस भरला. पूर्ण माप.
त्या मापाचं दुकानात एकच आहे,
माझं.