झारेकरी येतो तेव्हा

हुपरीत घरचा केर कुणी रस्त्यावर टाकत नाही.
पैंजणाला कानस लागली की भुकटी उडते
सतरंजीत, पोराच्या केसांत, भाकरीच्या पापुद्र्यातसुद्धा.
हात धुतलेलं पाणीही बादलीत निवळू देतो आम्ही.

चांदी शेठची, मजुरी ह्यांची.
घुंगरांना डाख मी देते,
वहीत नाव आदगोंडा पाटील.
केर तेवढा माझा.
सासूबाईंनी हळद उतरायच्या आत सांगितलेलं,
"डबा तुझा. हिशोब कुणाला द्यायचा नाही."

दिवाळीआधी झारेकरी आला.
माती धुतली, आटवली, तोलली.
"वहिनी, यंदा दुप्पट की!"
शेजारची कुसाक्का म्हणाली, लक्ष्मी आली बघ.

मी गप्प.
ह्यांच्या मांडीखालचा कोपरा रोज मीच झाडते.
कडी हुकते, कानस घसरते,
नजर कमी झालीय, कबूल करत नाहीत.

कोल्हापूरला नेऊन चष्मा करून आणला.
"कुठले पैसे?"
"केराचे."
हसले, आणि कानस उचलली.

आता डबा भरता भरत नाही.
परवा सुपली हलकी लागली हाताला.
मी उगाच
तोच कोपरा पुन्हा झाडून काढला.