प्रारंभिक ताळेबंद

पूर्वी सोपं होतं.
पैसा आला की जमा, गेला की खर्च,
मधलं सगळं देवाच्या वहीत.
आता पुण्याहून एक पोरसवदा सीए आलाय,
सोलापूरच्या उन्हाला घाबरून ताकावर ताक पितो,
म्हणतो, येमूल साहेब,
पैसा हलतो तेव्हा नाही,
घटना घडते तेव्हा लिहायचं.

घडते तेव्हा.
बत्तीस वर्षं महापालिकेच्या लेखा विभागात बसून
मी घडलेलं कधी लिहिलंच नव्हतं.

मग आम्ही शहर मोजायला निघालो.
दिव्याचे खांब, दवाखान्याच्या खाटा,
जमिनीखालचे, कुणीच न पाहिलेले पाईप.
बागेतल्या घसरगुंडीवर घसारा लावताना
मी एकटाच हसलो.
तळ्याची मूळ किंमत?
दप्तरात नाही. खणणाऱ्यांनी बिलं ठेवली नाहीत.
मग नाममात्र लिहा, तो म्हणाला, एक रुपया.
त्या संध्याकाळी मी काठावर दहा रुपयांचे चुरमुरे घेतले
आणि माशांना टाकले,
दहा तळी.

येण्यांचं रजिस्टर जाड निघालं.
साखर पेठेतला कोडमांचा कारखाना:
माग किलोवर विकले, शेडला कुलूप,
पण कराची मागणी दरसाल तारखेला हजर,
आणि दरसाल आमचं उत्पन्न वाढतंय, कागदावर.
त्याच शेडमध्ये माझ्या नानांनी टॉवेल विणले.
सीए म्हणाला, याला एक मधला रस्ता आहे, सुधारित उपार्जन.
येणं मोजता यायला हवं
आणि लवकर हाती पडायला हवं, तरच धरा.
देणं मात्र झालं त्या दिवशीच.

हे मला शिकवायला नको होतं.
अम्मा चुलीमागं चुन्यानं रेघा ओढायची.
शेजारी दिलेली साखरेची वाटी परत आली तरच आपली,
आणलेल्या वाटीची रेघ
साखर डब्यात पडायच्या आधी.

देण्यांच्या यादीत, पान सव्वीसवर,
मालन शिवशरण, सफाई कामगार, निवृत्त,
वेतन फरक एक्केचाळीस हजार तीनशे सोळा.
दर महिन्याला खिडकीशी यायची.
मी सांगायचो, बाई, दप्तरात काही नाही.
खोटं नव्हतं. दिलं नव्हतं, म्हणून लिहिलं नव्हतं,
लिहिलं नव्हतं, म्हणून नव्हतं.

यावेळी आली तेव्हा तिला आत बोलावलं.
"लिव्हलं का माझं?"
लिहिलं.
"वाचून दावा की."
वाचलं. तिनं पदरानं बोट पुसलं,
आकड्यावर ठेवलं, उचललं नाही.
"पैसं?"
तरतूद नाही अजून.
ती मान हलवत राहिली, हो म्हणून की नाही म्हणून, कळेना.
मग म्हणाली,
"एवढी वर्सं तुमी न्हाई न्हाई म्हनला,
ते कुठं लिव्हलंय?"

पंखा फिरत होता. सीएनं ताकाचा ग्लास खाली ठेवला.
मी पानं उलटली,
जणू सापडेल.

रात्री साडेदहाला बेरीज घेतली.
मालमत्तेच्या बाजूला एक रुपया कमी.
तीनदा घेतली, तरी एक रुपया.
तळं लिहायचं राहिलं होतं.