पाटी

डब्याच्या दारावरची ती लाल अक्षरांची पाटी
आठ महिने एक स्टेशन मागे होती.
गाडी निवसर सोडायची, पाटी म्हणायची
पुढील स्थानक निवसर.
आतली बाईही तेच सांगायची, गोड आवाजात,
तिन्ही भाषांत एकच चूक.

आम्ही हातचा एक धरायचो.
बेलिफ माणगावकर, नर्सिंगच्या दोन मुली,
सिव्हिलमध्ये एक्स-रे काढणारा मी,
सगळ्यांचं गणित पाठ:
वेरवली लागली की डबे पिशवीत,
पुढचं विलवडे, आपलं.

अनसूया गोरिवलेंना वाचता येत नाही.
त्यांचीही एक पाटी आहे, वेताची,
भाजी विकून रिकामी झालेली, मांडीवर.
विलवड्याआधी रूळ डावीकडे वळतो
आणि ती उजव्या गुडघ्यावर सरकते.
मग त्या चुंबळ उचलतात.

दिवाळीनंतरचा मंगळवार. सात वाजताच काळोख.
पाटीवर वेरवली. आम्ही उठलो.
बाई दारातून ओरडल्या,
"अवो, ही वेरवली! कुटं उतरताव?"
माणगावकर हसले. मीही हसलो,
त्यांच्याकडे न बघता, पाटीकडे बघून.

उतरलो नऊजण.
गाडीचा मागचा दिवा वळणाआड जात होता
आणि फलाटावरचा भोंगा सांगत होता
की हीच गाडी थोड्याच वेळात
फलाट क्रमांक एकवर येत आहे.
वर दिलगिरी.
कापलेल्या भाताचा वास होता, एक कुत्रा होता,
आणि धाकटी नर्स हळूच म्हणाली,
"म्हणजे कोणीतरी दुरुस्त केली."

लांज्याहून रिक्षा आली तासाभराने. दोन खेपा.
घरी तक्रार लिहायला बसलो.
महोदय, आपली पाटी
आगाऊ सूचना न देता
खरं बोलू लागली आहे.
पुढे काय मागावं सुचेना. कागद तसाच आहे.

गुरुवारी ती पुन्हा मागे पडली होती.
शुक्रवारी बरोबर. नंतर नुसत्या चांदण्या.
आता कोणी वर बघत नाही.
बेलिफसाहेब, तीस वर्षं समन्स वाचलेला माणूस,
एका म्हातारीच्या गुडघ्यासमोर जागा धरून बसतो.

परवा अनसूयाबाई आल्या नव्हत्या.
नात आजारी, असं कोणी म्हणालं.
पाटीवर काहीतरी नाव सरकत होतं,
बाई गोड आवाजात सांगत होती.
आम्ही आडवलीपासूनच उभे होतो,
काचेला कपाळ लावून,
बाहेरच्या काळोखात एखादं झाड तरी ओळखीचं दिसतंय का बघत.