नऊ तारे, टेबल साइज

दिल्लीहून फोन आला की इथे लष्करात
आधी इस्तरी तापते, मग बातमी कळते.
सहा वर्षं या बेटांना कुणी विचारलं नव्हतं;
आता मंगळवारपर्यंत चौदा झेंडे हवेत,
सॅटिन, दुहेरी शिवण.
तिकडे दुसऱ्या कुणीतरी बंदर बांधलं असणार,
असं कटिंगवाले धुमाळ म्हणतात.
ते पेपर वाचतात, मी तारे मोजते.

तुवालूचे नऊ. एका बेटाला एक.
आमचं आडनाव सारंग. पूर्वज गलबतं हाकायचे म्हणे;
मी समुद्र पाहिलेला नाही.
पण नखाएवढ्या ताऱ्यावर
माणसं राहतात, शाळा भरते, मासळी वाळते,
एवढं कळतं. ग्वाल्हेरला एकवीस तोफांची सलामी होती
तेव्हा शेजारच्या जहागिरीला एकही नव्हती;
तरी तिथल्या लग्नांत वाजंत्री वाजायचीच.

सोमवारी पुन्हा फोन: एक झेंडा कमी करा.
कोणता? कळवतो.
संध्याकाळी: राहू द्या तोही, पण कडेला.
कडेला, हे शिवणीत कसं आणायचं?

मग पेटीत मागच्या खेपेचे झेंडे सापडले,
कोरे, घडीवर फिकट रेघ.
धुमाळ म्हणाले, हेच देऊ, कोण बघतंय.
मी तुवालू उलगडून दिव्याखाली धरला.
आठच.
गेल्या खेपेला एक बेट
माझ्याच हातून राहिलं होतं
आणि कुणाचीही तक्रार आली नव्हती.

सुईत पिवळा दोरा ओवला.